वाड्याच्या ओहोळाकाठची पिवळी टाचणी

चतुराच्या शेपटीस दोरा बांधण्याचा खेळ आपणांपैकी कोणी बालपणी खेळला नाही? त्याच चतुराची नाजूक बहीण म्हणजे टाचणी. चतुर पंख पसरून बसतो. टाचणी बहुधा ते पाठीवर मिटून घेते. तिचे डोळेही डोक्याच्या दोन बाजूंस दूर दूर असतात. अशीच एक दुर्मिळ टाचणी पाहण्याकरिता, पावसाळा सरत असता, आम्ही गोव्याहून सिंधुदुर्ग जिल्ह्यातील देवगड तालुक्यात वाडा या गावी गेलो.

तेथे खडकात कोरलेले विमलेश्वराचे मंदिर आहे. सभोवती माडापोफळींची सावली, जवळून वाहणारा ओहोळ आणि गवताळ दलदल. शंतनू जोशी व दत्तप्रसाद सावंत या अभ्यासकांनी २०१९ साली याच जिल्ह्यातून या जातीची शास्त्रास प्रथम ओळख करून दिली. तिच्या इंग्रजी नावात सिंधुदुर्ग आणि दलदल हे दोन्ही शब्द आहेत. शास्त्रीय नाव सेरियाग्रिऑन क्रोमोथोरॅक्स.

वहाणा हाती घेऊन आम्ही चिखलात उतरलो. एक पिवळी टाचणी दिसताच आम्हांस हर्ष झाला. परंतु सोबतच्या जाणत्या गृहस्थांनी मान हलविली.

"शेपटी पाहू नका, छाती पाहा," ते म्हणाले.

छाती शेवाळी हिरवी होती. ही आपल्या देशात सर्वत्र आढळणारी सामान्य टाचणी. आम्ही शोधीत होतो त्या जातीच्या नराची छातीही पिकल्या लिंबासारखी पिवळीधमक असते. तासाभराने तो एका पात्यावर बसलेला दिसला. आकार काडीपेटीतील काडीएवढा. पण रंग असा, की सावलीतही नजर हटेना.

टाचणीची मादी पाणवनस्पतींत अंडी घालते. पिले पाण्यातच वाढतात, शेपटीकडील पानांसारख्या तीन कल्ल्यांनी श्वास घेतात आणि डासांच्या अळ्या खातात. अर्थात दलदल बुजली, की वंशही संपला.

परतताना आम्ही गप्प होतो. आमच्याच वाडीतील शेताखालची पाणथळ जागा आम्ही दोन वर्षांपूर्वी मातीने भरून काढली. निरुपयोगी जमीन कामास आली, म्हणून त्या वेळी समाधानही मानले. तेथे पिवळ्या टाचण्या उडत असत, हे आम्हांस पक्के आठवते. त्यांची छाती हिरवी होती की पिवळी, हे मात्र आम्ही कधी पाहिलेच नाही.

वाचकहो, आपल्या गावचा ओहोळ अजून वाहत असेल, तर एकदा वाकून पाहा.