पाटीवरचें नांव आणि पटावरचें नांव



'माझा आवडता प्राणी' या विषयावर मीं आजवर किती निबंध तपासले असतील याची गणती नाहीं. त्यांत कुत्र्याचें इमान असतें, मांजराची ऐट असते, पोपटाची बडबड असते. प्राणी काय खातो, कोठें निजतो, घरीं पाहुणा आला असतां कसा धांवत जातो, हें सर्व मोठ्या हौसेनें लिहिलेलें असतें. परंतु तो आजारी पडला असतां त्यास कोणाकडे नेतात, आणि ज्याच्याकडे नेतात तो खरोखर डॉक्टर आहे हें घरच्यांस कसें कळलें, याविषयीं एकाही निबंधांत मला एक ओळ आढळली नाहीं. मुलांस याचा दोष देतां येत नाहीं. कारण पुष्कळ वडील माणसेंही हा प्रश्न कधीं विचारीत नाहींत. म्हणून या अंकांत त्याच प्रश्नाविषयीं चार शब्द लिहिण्याचें मीं योजिलें आहे.

आपण स्वतः आजारी पडलों तर कोठें दुखतें तें सांगतों, औषधानें गुण आला नाहीं तर तक्रार करतों, आणि तरीही बरें वाटलें नाहीं तर दुसऱ्या डॉक्टरकडे जातों. मुक्या प्राण्यास यांतील एकही गोष्ट करतां येत नाहीं. त्याचा डॉक्टर आपण निवडतों. टोचलेलें औषध बरोबर होतें कीं चुकीचें, हें तो सांगूं शकत नाहीं. तेव्हां त्याच्या वतीनें जें विचारावयाचें तें आपणच विचारलें पाहिजे. आपण गप्प बसलों तर विचारणारा दुसरा कोणीही नाहीं.

कोणी म्हणेल, औषध तें औषध. माणसाला चालतें तें जनावराला कां चालूं नये? ही समजूत फार घातक आहे. तापावर जी पॅरासिटॅमॉलची गोळी आपण घरोघर ठेवतों, ती मांजराच्या पोटांत गेली तर त्याचा जीव जाऊं शकतो. कारण तें औषध निरुपद्रवी करून शरीराबाहेर टाकण्याची शक्ति मांजराच्या यकृतांत फार थोडी असते. डायक्लोफिनॅक हें दुखण्यावरचें औषध पूर्वीं गुरांस सर्रास देत असत. गुरांस त्यानें आराम पडे. परंतु तें औषध अंगांत असतांना मेलेल्या गुरांचें मांस खाऊन गिधाडांचीं मूत्रपिंडें निकामी झालीं, आणि पाहतां पाहतां आपल्या आकाशांतून गिधाडें दिसेनाशीं झालीं. अखेर २००६ सालीं भारत सरकारनें गुरांसाठीं तें औषध बंद केलें. एका प्राण्याचें औषध दुसऱ्याचें विष होतें, हें जाणणें हीच एक स्वतंत्र विद्या आहे.

ती विद्या शिकविणारी पहिली शाळा १७६१ सालीं फ्रान्स देशांतील लिओं शहरीं क्लोद बूर्जला यानें स्थापन केली. इंग्लंडांत १८४४ सालीं पशुवैद्यांच्या मंडळास राजसनद मिळाली. आणि पुढें १८८१ च्या कायद्यानें असें ठरलें कीं, ज्याचें नांव नोंदवहींत आहे त्यानेंच पशुवैद्य ही पदवी लावावी. आपल्या मुंबईस परळ येथें १८८६ सालीं पशुवैद्यक महाविद्यालय निघालें, आणि तेथून उत्तीर्ण झालेले लोक आपल्या नांवापुढें जी.बी.व्ही.सी. हीं अक्षरें अभिमानानें लावूं लागले. हिंदुस्थानासाठीं भारतीय पशुवैद्यक परिषद कायदा १९८४ सालीं झाला. त्याप्रमाणें आज बी.व्ही.एस्सी. अँड ए.एच. ही पदवी घेऊन राज्याच्या पशुवैद्यक परिषदेंत नांव नोंदवावें लागतें. हा अभ्यासक्रम साडेपांच वर्षांचा असून त्यांतील शेवटचें एक वर्ष प्रत्यक्ष काम शिकण्यांत जातें. महाराष्ट्राच्या परिषदेचें कार्यालय नागपुरास आहे.

तुम्हांस शाळेचा पट ठाऊकच आहे. पटावर नांव नसलेला मुलगा आपल्याच शाळेचा गणवेश घालून वर्गांत येऊन बसला, तर तो आपला विद्यार्थी होत नाहीं. डॉक्टरांचेंही तसेंच आहे. पाटी कोणासही रंगवून घेतां येते. पटावर नांव चढविण्यास विद्या लागते.

हा भेद किती महत्त्वाचा आहे, याचा प्रत्यय आमच्या आळीस गेल्या पावसाळ्यांत आला. तेथील एका पाळीव कुत्र्यानें सातव्या इयत्तेंतील एका मुलाच्या पोटरीस चावा घेतला. कुत्र्याच्या मालकांनीं लागलीच लस टोचल्याची पुस्तिका आणून दाखविली. तींत चार वर्षांच्या चार नोंदी होत्या, शिक्के होते, सह्याही होत्या. परंतु शिक्क्यांत नोंदणीक्रमांक नव्हता, लशीचें नांव नव्हतें, आणि कुपीवरील चिठ्ठीही कोठें चिकटविलेली नव्हती. चौकशीअंतीं कळलें कीं, टोचणारे गृहस्थ पूर्वीं औषधांच्या एका दुकानांत नोकरीस होते. मग त्या कुपींत काय होतें, आणि ती थंड ठेविली होती कीं उन्हांत तापली होती, हें आतां कोण सांगणार?

हें ऐकून मुलाच्या आईच्या तोंडचें पाणी पळालें. तिनें जखम साबणानें व वाहत्या पाण्यानें पंधरा मिनिटें धुतली आणि मुलास सरकारी रुग्णालयांत नेलें. तेथें डॉक्टरांनीं जखमेंत प्रतिद्रव्याचें औषध टोचून लशीचा क्रम सुरू केला, आणि पुन्हां तिसऱ्या, सातव्या व अठ्ठाविसाव्या दिवशीं बोलाविलें. कुत्र्यास दहा दिवस बांधून त्याजवर पाळत ठेविली. कुत्रा धड राहिला; मुलगाही आज वर्गांत पहिल्या बांकावर बसतो. कुत्र्यास लस टोचलेली असली तरी चाव्यानंतर डॉक्टरांकडे जावेंच लागतें, हें खरें. पण रेबीजचीं लक्षणें एकदां दिसूं लागलीं कीं माणूस बहुधा वांचत नाहीं, हें त्या माउलीस ठाऊक होतें. ते दहा दिवस तिनें कसे काढले असतील, याची कल्पना पालकांनींच करावी. खोट्या दाखल्याचें मोल असें भलत्यालाच द्यावें लागतें.

त्यानंतर थोड्याच दिवसांनीं आमच्या घरच्या मोती नांवाच्या कुत्र्याच्या कानामागें गांठ आली. मोती नऊ वर्षांचा आहे. या गांवीं आम्ही नवीन. म्हणून प्रथम मी माझ्या मुलीस बरोबर घेऊन बाजारांतील एका मोठ्या पाटीखालच्या दवाखान्यांत गेलों. तेथील गृहस्थ म्हणाले, "आतांच कापून टाकूं, अर्ध्या तासाचें काम." मीं नमस्कार करून विचारलें, "आपला नोंदणीक्रमांक कळेल काय?" ते हंसून म्हणाले, "मास्तर, वीस वर्षें हेंच करतों आहें. तुम्हांला कुत्रा बरा करावयाचा आहे कीं कागद पाहावयाचे आहेत?" मीं म्हटलें, "दोन्ही." त्यावर त्यांनीं तोंड फिरविलें. मोतीस घेऊन आम्ही परतलों. वाटेंत मुलगी म्हणाली, "बाबा, ते रागावले. तुम्हीं उगीच विचारलें." मोती आजच बरा होईल या आशेनें ती आली होती, तिच्या डोळ्यांत पाणी होतें. मला वाईट वाटलें, पण माझें पाऊल मागें फिरलें नाहीं.

दुसऱ्या दिवशीं आम्ही तालुक्याच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यांत गेलों. तेथील डॉक्टरबाईंस मीं तोच प्रश्न केला. त्यांनीं भिंतीवरील चौकट दाखविली आणि म्हणाल्या, "विचारलेंत तें बरें केलेंत. फार थोडे लोक विचारतात." त्यांनीं गांठ चांचपून पाहिली, सुईनें तींतील अंश तपासणीसाठीं घेतला, आणि भूल देण्यापूर्वीं या वयांत रक्त तपासलें पाहिजे असें सांगितलें. मग त्या म्हणाल्या, "ही शस्त्रक्रिया मी येथें करणार नाहीं. जिल्ह्याच्या गांवीं शस्त्रक्रियेंत एम.व्ही.एस्सी. झालेले डॉक्टर आहेत, त्यांजकडे चिठ्ठी देतें." परत येतांना माझी मुलगी म्हणाली, "बाबा, या रागावल्या नाहींत." तिला जें समजलें तें मीं शिकविलें नव्हतें. गांठ पुढें नीट काढली गेली. मोतीच्या कानामागें आतां केवळ एक व्रण आहे.

या दोन भेटींवरून मला एक गोष्ट सांगावीशी वाटते. प्रश्न विचारणें म्हणजे अपमान करणें नव्हे. ज्यानें वर्षेंवर्षें अभ्यास करून विद्या मिळविली त्यास ती दाखविण्याची लाज नसते. आणि जो आपल्या विद्येची सीमा आपण होऊन सांगतो, त्याजवर विश्वास ठेवावयास हरकत नाहीं.

येथें आणखी एक खुलासा करणें अवश्य आहे. खेड्यापाड्यांत पशुधन पर्यवेक्षक म्हणून पदविकाधारक लोक काम करतात. प्रथमोपचार, लस टोचणें अशीं ठरवून दिलेलीं लहान कामें ते नोंदणीकृत पशुवैद्याच्या देखरेखीखालीं करतात, आणि शेतकऱ्यास त्यांचा मोठा आधार असतो. त्यांस कमी लेखूं नये. अडचण आहे ती जो नाहीं तें आहे म्हणवितो त्याची. तसेंच, पटावर नांव आहे म्हणून हात कुशल व मन दयाळू असेलच असें नाहीं. दवाखान्याची स्वच्छता, प्राण्यास हाताळण्याची रीत, आपल्या प्रश्नांस मिळणारीं उत्तरें, हेंही पाहावें. पण पहिली पायरी नोंदणीचीच. ती गाळून पुढच्या चढतां येत नाहींत.

तेव्हां मुलांनो, घरीं प्राणी असेल तर एक लहान वही करा. डॉक्टरांचें नांव, पदवी व नोंदणीक्रमांक विनयानें विचारून तींत लिहा, आणि तो क्रमांक राज्याच्या परिषदेकडून पडताळून घेण्यास वडिलांस सांगा. लस टोचतांना कुपी शीतपेटींतून काढली कीं नाहीं तें पाहा, तिच्यावरील चिठ्ठी पुस्तिकेंत चिकटवून घ्या, आणि तिची मुदत वाचा. शस्त्रक्रिया असेल तर ती कोण करणार, भूल कोण देणार, आणि शुद्धीवर येईपर्यंत जवळ कोण बसणार, हें आधीं विचारा. हें सर्व मिळून पांच मिनिटांचें काम आहे. वडिलांस संकोच वाटत असेल तर तुम्ही विचारा. मुलाचा प्रश्न सहसा कोणी रागानें घेत नाहीं, आणि घेतलाच तर त्याचें उत्तर त्या रागांतच मिळतें.