पंपाच्या पाकळ्या

कणकवलीच्या माणसाने होडीविषयी बोलू नये, असे मालवणकडच्या लोकांचे मत आहे आणि त्यात गैर काही नाही. आमचे गाव हमरस्त्याचे, रेल्वेचे आणि बाजाराचे. समुद्र येथून दिसत नाही, ऐकू येत नाही. त्याची वर्दी येते ती मासळीच्या टोपलीतून. मात्र गावाला लागून वाहणारी गड नदी पुढे मसुऱ्यावरून कालावलच्या खाडीत उतरते आणि तळाशील व सर्जेकोट यांच्यामध्ये समुद्राला मिळते. महाविद्यालयात जाताना मी रोज जे पाणी ओलांडतो, त्याच पाण्याच्या शेवटाशी माझ्या मामांची लाँच बांधलेली असते. आता ती माझी आहे असे कागद सांगतात. मला तसे म्हणवत नाही, आणि त्याचे कारण या लेखात येईलच.

लाँच सव्वीस फुटी. फळ्या सागाच्या, आतले वाक उंडीचे, पुढे माणूस जेमतेम पाठ वाकवून बसू शकेल एवढी केबिन. मामांनी तिच्यावर खाडीतली उतारू वाहतूक केली, हंगामात सिंधुदुर्ग किल्ला पाहायला आलेली माणसे नेली. रस्ते आणि पूल झाले तशी उतारू मंडळी आटली; किल्ल्याकडे फायबरच्या हलक्या होड्या धावू लागल्या. लाँच राहिली ती मामांच्या हट्टाने. २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते वादळात तिच्या केबिनवर माड पडला, तेव्हा पंचाहत्तरीला आलेले मामा म्हणाले, "इकून टाक, नायतर जाळ." दोन्हीपैकी काहीही न करता मी ती दुरुस्त करायला घेतली. पैसे वाचवावेत हा हेतू होता. त्याहून मोठा हेतू असा की, वीस वर्षे मराठीचे अध्यापन केलेल्या माणसाला आपल्या हातांनी काहीतरी उभे करून पाहावेसे वाटत होते. त्या वाटण्यात थोडा गर्व होता हे आज कबूल करायला हरकत नाही.

वर्गात मी रामचंद्रपंत अमात्यांचे आज्ञापत्र अनेक वर्षे शिकवले आहे. अठराव्या शतकाच्या आरंभीचा तो ग्रंथ; त्यात आरमारावर स्वतंत्र प्रकरण आहे. सागवान वगैरे लाकूड कोठून घ्यावे, रयतेच्या आंब्याफणसांना मात्र हात का लावू नये, हा भाग परीक्षेला हमखास येतो आणि विद्यार्थी तो पाठ करतात. रयतेविषयीचा कळवळा, राज्यकर्त्याची दूरदृष्टी असे दोन मुद्दे आम्ही फळ्यावर लिहितो. त्या मजकुराच्या मुळाशी लाकडाची एक रोकडी गरज आहे, ते कापल्यापासून कुजेपर्यंतचा एक हिशेब आहे, हे मला लाँचच्या तळाशी उताणे पडून कुजकी फळी खरवडताना प्रथम जाणवले. अमात्यांना ते ठाऊक असणारच. फळा आणि फळी यांतले अंतर मला पंचेचाळिसाव्या वर्षी कळले, असे म्हणा.

पहिली चूक फटींची. लाँच सहा-सात महिने किनाऱ्यावर ओढून ठेवलेली होती. उन्हाने फळ्या आकसल्या होत्या आणि सांध्यांतून करंगळीचे नख जाईल इतक्या फटी दिसत होत्या. मी कणकवलीच्या दुकानातून दोन डब्यांचे मिश्रण करून लावायचे, दगडासारखे घट्ट होणारे लुकण आणले आणि दोन रविवार खपून प्रत्येक फट काठोकाठ भरली. वरून घासून गुळगुळीत केले. होड्या बांधणारे एक वयस्क सुतार काका तेथून जात होते. त्यांनी हात फिरवला, "बरा दिसता, सर," एवढेच म्हटले आणि गेले. पाण्यात घातल्यावर तिसऱ्या दिवशी फळ्या पाणी पिऊन फुगल्या. त्यांना फुगायला जागाच नव्हती. दोन ठिकाणी खिळे वाकांतून उपटून आले आणि एक फळी उभी चिरली.

मग काकांनी रीत दाखवली. सांध्यात कापसाचा पिळा बोथट छिन्नीने ठासायचा, तोही बेतानेच. वर राळ आणि तेल. नंतर लाँच उथळ पाण्यात ढकलायची आणि तिला खुशाल भरू द्यायचे. दोन भरत्या-ओहोट्या ती अर्धी बुडलेली पाहून माझ्या पोटात गोळा आला होता. तिसऱ्या दिवशी पाणी उपसले आणि पुन्हा फारसे आले नाही. कापूस आणि लाकूड दोघेही फुगून एकमेकांना धरतात. बाहेरून घट्ट काही लावायचेच नसते. २०२५ च्या मे महिन्यात नौदलात दाखल झालेल्या 'कौंडिण्य' या शिवलेल्या जहाजाच्या बातम्यांत काथ्या, नारळाचा चोथा आणि राळ यांचे वर्णन वाचताना मला त्या वेळचा काकांचा तुच्छतेचा चेहरा आठवला. त्या बातमीत नवल करावे असे त्यांना काही वाटले नसते.

लाकूड कशाने कुजते, याविषयीही माझी समजूत उलटी होती. समुद्राचे खारे पाणी वाईट, पावसाचे चांगले, असे धरून मी खालच्या अंगाला रंगांवर रंग चढवले आणि केबिनच्या छपराकडे दुर्लक्ष केले. मामा काठीने छपराचा कोपरा टोचून म्हणाले, "खाऱ्यान नाय रे, गोड्यान कुसता." काठीचे टोक आत गेले. मीठ लाकडाला राखते. पावसाचे पाणी मात्र रंगाखालच्या बारीक चिरेतून शिरून तेथेच मुरते आणि बुरशीला घर मिळते. म्हणजे लाँच बुडते खालून, पण मरते वरून.

खारट पाण्याचा शत्रू वेगळा. टेरेडो नावाचा एक लांबुळका जीव लाकडात सुईच्या छिद्राएवढ्या वाटेने शिरतो आणि आतल्या आत बोटभर जाडीची बोगदी पाडतो. त्याला जहाजाचा किडा म्हणतात, पण तो किडा नव्हे. आपल्या तिसऱ्यांचा भाऊबंद आहे, डोक्याकडच्या दोन छोट्या शिंपांनी लाकूड किसत जातो. कोलंबसाच्या चौथ्या सफरीतली जहाजे यानेच चाळण केली आणि १५०३ मध्ये त्याला जमैकाच्या किनाऱ्यावर ती रुतवून मुक्काम करावा लागला. पुढे मार्क ब्रुनेलने थेम्सखालच्या बोगद्यासाठी जे यंत्र योजले, त्याची कल्पना त्याला याच जिवाच्या शिंपांवरून सुचली. इतका कर्तबगार प्राणी गोड्या पाण्यापुढे मात्र हरतो. भोक आतून बंद करून काही आठवडे तग धरतो, पण पावसाळाभर नाही. म्हणून मामा आषाढात लाँच खाडीच्या वरच्या अंगाला, गडचे लाल पाणी येते तेथे नेऊन बांधत. छपराला मारणारे पाणीच तळाला तारते, याचा मेळ घालायला मला वर्ष लागले.

आता इंजिनाकडे येतो, कारण खरे सांगायचे ते तेथेच आहे. इंजिन दोन सिलिंडरचे किर्लोस्कर डिझेल. मराठीच्या प्राध्यापकाला या नावाचे ममत्व असणे साहजिक आहे. कारखान्याची माहिती देण्यासाठी १९२० साली 'किर्लोस्कर खबर' निघाले आणि त्याचेच पुढे मराठी वाङ्मयाला वळण देणारे मासिक झाले. लोखंड आणि अक्षर एका घरातून निघाल्याचे असे उदाहरण आपल्याकडे दुसरे चटकन आठवत नाही. असो. इंजिन उत्तम होते. त्याला मी हिरवा रंग दिला, पितळी नळ्या चिंचेने घासल्या, तापमानाच्या घड्याळाची काच बदलली. घड्याळामागची तार तुटलेली होती ती जोडायची राहिली. सफाईच्या पहिल्या आठवड्यात केबिनमधून बरीच अडगळ काढली: गंजके नट, चिंध्या, आणि बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा, ज्यात रबराची पाच-सात जुनी, दातेरी चाके होती. डब्यासह फेकून दिली.

दांड्याच्या भोकाशी असलेल्या पॅकिंगचाही किस्सा सांगण्यासारखा आहे. पंख्याचा दांडा जेथून बाहेर जातो तेथे ग्रीस लावलेल्या दोरीचे वेढे असतात. तेथून पाणी ठिबकताना पाहून मी नट आवळत गेलो आणि एक थेंबही येईनासा झाला तेव्हा समाधानाने घरी आलो. पुढच्या खेपेला दांडा हात लावू नये इतका तापला. तो थेंबच दांड्याला थंड ठेवतो. चालू इंजिनावर मिनिटाला दोन-चार थेंब आत यावेत, हे प्रमाण. पंख्याजवळचा जस्ताचा ठोकळाही असाच: तो झिजण्यासाठीच लावलेला असतो, म्हणजे पितळ वाचते. मी त्याला रंग दिला होता. रंगवलेले जस्त झिजत नाही आणि मग पितळ झिजते, हे सांगताना काका प्रथमच मोकळेपणी हसले.

मामांची एक लकब होती. इंजिन सुरू केले की ते पुढे पाहत नसत. आधी मागे वळून क्षणभर पाण्याकडे पाहत, मग सुकाणू हातात घेत. लहानपणापासून मला वाटत आले की, ते किनाऱ्यावरच्या देवाला नमस्कार करतात. मी एकदा एका ललित लेखात तसे लिहिलेही आहे.

२०२२ च्या डिसेंबरात मुलगी सुट्टीवर आली होती. एका दुपारी मामांना आणि तिला घेऊन मी खाडीच्या मुखाकडे निघालो. ओहोटी लागलेली होती, म्हणजे लाँच आपसूक बाहेर ओढली जात होती. मामांना तोवर ऐकू येणे जवळजवळ थांबले होते. ते मागच्या फळीवर, पाठमोरे बसले होते. थोड्या वेळाने रंग जळाल्यासारखा वास आला. नवा हिरवा रंग तापला असेल, असे मी मनाशी म्हटले. घड्याळाचा काटा शून्यावर होता आणि तो नेहमीच शून्यावर असे. मामा मागून काहीतरी बोलले. मी वळलो तर ते म्हणत होते, "पाणी पडना नाय." इंजिनाच्या आवाजात मला 'पाणी' एवढेच कळले. मी मुलीला सांगितले, आजोबांना बाटली दे.

तिने बाटली पुढे केली. मामांनी ती हातात घेतली नाही. त्यांनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिले ती मला विसरता येत नाही.

खाडीचे पाणी ओढून इंजिनाभोवती फिरवायचे आणि मागच्या नळीतून बाहेर टाकायचे, हे काम एक छोटा पंप करतो. नळीतून धार पडते आहे की नाही, हे पाहण्यासाठीच मामा मागे वळत. ती धार थांबली होती. मला हे समजेपर्यंत इंजिन ठोके देऊ लागले आणि मी ते बंद केले. मुखाशी वाळूच्या पट्टीवर लाटा फुटत होत्या, शंभरेक हातांवर, आणि ओहोटी आम्हाला तिकडेच नेत होती. मी इंजिनाचे झाकण उघडायला धावलो. "आधी नांगर टाक! मगे इंजान!" मामा ओरडले. नांगराचा दोर मी नव्या गाद्यांच्या खाली, नीट वेटोळे करून ठेवला होता. गाद्या उपसून तो काढला. नांगर दोनदा वाळूवरून घसरला, तिसऱ्यांदा लागला. मुलीच्या अंगात जाकीट होते. मामांनी घातले नव्हते आणि मी आग्रह केला नव्हता. पाऊण तासाने एका मासेमारी होडीने आम्हाला ओढून आणले. त्या पाऊण तासात कोणी काही बोलले नाही.

पंप उघडल्यावर आत जे सापडले ते पाहून मी खाली बसलो. सहा पाकळ्यांचे रबरी चाक, बिस्किटांच्या डब्यात होते तसलेच. रबर कडक होते, मग त्याच्या पाकळ्या तुटतात. मामा दर नारळी पौर्णिमेला नवे चाक घालत आणि काढलेले, अजून धड असलेले, अडीअडचणीसाठी डब्यात ठेवत. चाक अर्ध्या तासात बदलता येते आणि त्याची किंमत मी केबिनच्या पडद्यांवर केलेल्या खर्चाच्या मानाने काहीच नव्हती. मामांनी डब्याविषयी विचारले. मी खरे सांगितले. ते म्हणाले, "बरा," आणि आत जाऊन निजले.

चाकाला तीनच पाकळ्या उरल्या होत्या. तुटलेल्या पाकळ्या शोधून काढाव्याच लागतात, नाहीतर त्या पुढे कोठेतरी वाट अडवून बसतात. एक नळीच्या वळणावर मिळाली. हेड उतरवून कुडाळला सपाट करून घ्यायला नेले, तेव्हा दुसरी आतल्या पाण्याच्या वाटेत दिसली, काळी, करंगळीच्या पेराएवढी. पोथीचे गहाळ पान शोधणाऱ्याला पान नसले तरी पाठ जुळवता येतो. येथे ती सोय नाही.

त्या दिवसानंतर मामा लाँचवर आले नाहीत. गुडघ्याचे निमित्त सांगतात. मुलगी मात्र येते. गेल्या मे महिन्यात केबिनच्या छपराची नवी फळी तिने आणि काकांनी बसवली, मी खिळे पुरवण्याचे काम केले. आता इंजिन सुरू केले की मी मागे वळतो आणि धार पाहतो. रविवारी संध्याकाळी घरी पोचल्यावर मामांकडे जातो. त्यांना ऐकू येत नाही, म्हणून मी हाताने धार पडल्याची खूण करतो. ते मान हलवतात आणि तीन बोटे वर करतात. मी दोन दाखवतो. तिसरी पाकळी अजून सापडलेली नाही.