स्पीकरची पेटी

घरीं स्पीकर करावयाचा म्हणजे विजेचें गूढ शास्त्र आलें, अशा धास्तीनें पुष्कळ सुशिक्षित गृहस्थ त्या वाटेस जात नाहींत. वस्तुतः चुंबक, गुंडाळी व पडदा हीं बाजारांत एकत्र जोडलेलींच मिळतात. आपण करावयाची ती पेटी, आणि सारी मौज तींतच आहे.

पडदा पुढें सरला कीं समोरची हवा दाबली जाते व त्याच क्षणीं पाठीमागची विरळ होते. हे परस्परविरुद्ध तरंग एकमेकांस भेटले म्हणजे खालचे स्वर मावळतात. उघड्या स्पीकरवर डग्गा ऐकावा. थाप कळते, घुमारा उरत नाहीं. बंद पेटींत तोच डग्गा जिवंत होतो. एडगर व्हिल्चर यांनीं १९५४ सालीं कोंडलेल्या हवेसच स्प्रिंगचें काम दिलें व लहान पेटींतून खर्ज काढून दाखविला.

आम्हीं १८ मिलिमीटर जाडीचें प्लायवुड घेतलें. पोकळी २०, २५ व ३० सेंटिमीटरांची, म्हणजे १५ लिटर. सुतार म्हणाला, "साहेब, फट दिसत नाहीं." हवेस ती दिसते, म्हणून सांधे पुन्हां सरसानें भरविले.

राहिला वरच्या स्वरांचा लहान स्पीकर. पन्नाशीनंतर अतिसूक्ष्म स्वर कानांस दुरावूं लागतात. सबब त्याचा जोर ठरविण्याचें काम आम्हीं कन्येकडे सोंपविलें. डोळे मिटून तिनें तंबोरा ऐकला व रोधक दोनदां बदलावयास लाविला. दुसऱ्या खेपेस काय पालटलें तें आम्हांस उमगलें नाहीं, ती मात्र म्हणाली, "बाबा, आतां जवारी बोलते."