खराट्याचे बाण

आमच्या घरीं लहानमोठीं मिळून अकरा माणसें आहेत. दोन चिरंजीव, दोन सुना, त्यांचीं चार मुलें, आम्ही उभयतां आणि आमची वडील बहीण ती. आक्का. अकरा माणसें एका छपराखालीं राहतात असें सांगितलें म्हणजे हल्लीं लोक कौतुकानें पाहूं लागतात. परंतु इतकीं भांडीं एका फडताळांत असलीं म्हणजे तीं एकमेकांस लागावयाचींच, हें आमच्या वाचकांस निराळें सांगणें नको. आज जी हकीकत आम्ही लिहीत आहों ती मात्र भांड्यांची नसून लाटण्याची आहे.

गेल्या दिवाळीच्या सुटींत एका दुपारीं आम्ही वामकुक्षीसाठीं अंमळ आडवे झालों होतों. सुना स्वयंपाकघरांत चकल्यांच्या घाण्यापाशीं होत्या. माजघरांतून एकाएकीं किंकाळी ऐकूं आली. जाऊन पाहतों तों आमची साडेचार वर्षांची नात चिमी भिंतीशीं बसलेली, कपाळावरून रक्ताची धार लागलेली, आणि तिच्यापुढें आमचा सात वर्षांचा नातू बंडू हातांत लाटणें घेऊन उभा! तो रडत नव्हता, पळालाहि नव्हता. पुढें काय व्हावयाचें आहे याची वाट पाहत असावा तसा तो शांत उभा होता. चिमीला डॉक्टरांकडे नेलें. तीन टांके पडले. डोळा दोन बोटांनीं वांचला.

रात्रीं जेवणें झाल्यावर ओसरीवर न्यायसभा भरली. बंडूचे वडील, म्हणजे आमचे थोरले चिरंजीव, म्हणाले, "हे सगळे त्या मोबाइलवरच्या खेळांचे प्रताप. दिवसभर कानावर ठो ठो चाललेलें असतें." धाकटे चिरंजीव चिमीला मांडीवर घेऊन गप्प बसले होते, त्यांचें तें गप्प बसणेंच आम्हांस अधिक लागलें. इतक्यांत थोरली सून उंबऱ्याआडून हळूच, पण सर्वांस ऐकूं जाईल अशा बेतानें म्हणाली, "पण दुपारीं मोबाइल त्याच्या हातीं देतं कोण?"

देणारे आम्हीच होतों. दुपारचा तासभर घर निवांत असावें म्हणून आम्ही आमचा मोबाइल बंडूच्या हातीं ठेवीत असूं, आणि मूल किती गुणी, हूं का चूं करीत नाहीं, असें म्हणत डोळे मिटीत असूं. सदतीस वर्षें मुलें हांकलेल्या मास्तरास हें शोभलें नाहीं, पण झालें तें असें झालें.

दुसऱ्या दिवशीं आम्हीं चष्मा लावून तो खेळ स्वतः पाहिला. एक मनुष्य बंदूक घेऊन धांवत असतो. समोर जो येईल त्यास गोळी घालतो. तो पडतो व नाहींसा होतो. आणि कोपऱ्यांतील अंक वाढतो. पडलेला मनुष्य विव्हळत नाहीं, त्याची आई धांवत येत नाहीं, टांके घालावे लागत नाहींत. डाव संपला कीं मेलेले सर्व पुन्हा ताजेतवाने होऊन उभे!

हें पाहतांना आम्हांस, संवयीप्रमाणें, संस्कृत आठवलें. आमचें इंग्रजी शिक्षण मॅट्रिकपुरतें. जें कांहीं थोडेंबहुत ज्ञान पदरीं पडलें तें गुरुजींच्या पायाशीं बसून काव्यनाटकें वाचलीं त्यांतलें. भरतमुनींच्या नाट्यशास्त्रांत असा निर्बंध आहे कीं युद्ध, राज्यभ्रंश, मरण, नगराचा वेढा ह्या गोष्टी अंकांत प्रत्यक्ष दाखवूं नयेत. प्रवेशकांतून पात्रांच्या तोंडीं कळवाव्या. आम्हीं मनांत म्हटलें, पाहा, आपल्या पूर्वजांस हें दोन हजार वर्षांमागें कळलें होतें! आणि त्या दिवशीं चहाच्या वेळीं आम्हीं घरांत त्यावर लहानसें व्याख्यानहि दिलें.

पण व्याख्यान देतां देतांच आमचा आम्हांस अडसर आला. भासाचीं म्हणून जीं नाटकें गणपतिशास्त्री यांनीं १९१२ पासून त्रिवेंद्रम येथें छापून प्रसिद्ध केलीं, त्यांतील 'ऊरुभङ्गां'त दुर्योधन रंगभूमीवरच प्राण सोडतो. मग तें नाटक मुलास दाखवूं नये काय? आम्ही तर तें दहा वर्षांच्या मुलासहि दाखवूं. तेथें गदायुद्धाचें वर्णन दुसऱ्याच्या तोंडीं येतें. आपल्यापुढें येतो तो मांड्या मोडलेला राजा. त्यास शोधीत त्याचे आंधळे वडील येतात, डोळ्यांस पट्टी बांधलेली आई येते, राण्या येतात, आणि लहानगा दुर्जय रोजच्याप्रमाणें बापाच्या मांडीवर बसूं पाहतो. बापास मुलाला नको म्हणावें लागतें. एका प्रहाराची किंमत कोण कोण देतें, तें सगळें त्या एका अंकांत आहे. मोबाइलच्या खेळांत प्रहारच प्रहार आहेत, दुर्जय मात्र कोठेंच नाहीं. तेव्हां मारामारी दाखविली कीं नाहीं एवढ्यावर भागत नाहीं, तिच्यामागून कोण रडत आलें तेंहि दाखविलें कीं नाहीं हें पाहावें लागतें, असें आम्हांस वाटूं लागलें.

आमची धाकटी सून महाविद्यालयांत मानसशास्त्र शिकविते. चिमी तिचीच मुलगी; तरी त्या सगळ्या दिवसांत तिनें बंडूविषयीं एक वांकडा शब्द काढला नाहीं, हें येथें नमूद केलेंच पाहिजे. तिनें आम्हांस अमेरिकेंतील एका जुन्या प्रयोगाचें चित्रण दाखविलें. अल्बर्ट बांडुरा नांवाच्या मानसशास्त्रज्ञानें आपल्या साहाय्यकांसह स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बालवाडींतील ७२ मुलांवर हा प्रयोग केला व १९६१ सालीं प्रसिद्ध केला. मुलें तीन ते सहा वर्षांच्या आंतलीं. हवा भरलेली एक मोठी बाहुली, खालीं जड, ढकलली तरी पुन्हा उभी राहणारी. कांहीं मुलांदेखत एक मोठें माणूस तिला लांकडी हातोडीनें मारतें, लाथाडतें, तिच्यावर बसून बुक्क्या घालतें. मागाहून त्या मुलांस अशाच बाहुलीपाशीं सोडलें तेव्हां त्यांतील पुष्कळांनीं तेंच केलें. तीच हातोडी, तोच पवित्रा, आणि तोंडीं शब्दहि तेच! १९६३ मध्यें त्यानें पुन्हा असें करून पाहिलें. या वेळीं कांहीं मुलांना प्रत्यक्ष माणूस दाखविला, कांहींना त्याच माणसाचें चलच्चित्र, आणि कांहींना मांजराचें सोंग घेतलेलें पात्र. चित्रांतल्या माणसाचें अनुकरणहि जवळजवळ प्रत्यक्ष माणसाइतकेंच झालें.

"म्हणजे मोबाइलच दोषी," आम्ही उत्साहानें म्हणालों.

"बाबा, तितकं सोपं नाहीं," ती म्हणाली. ती बाहुली मुळांत बडविण्यासाठींच केलेली, मुलांस तो खेळच वाटला असेल, असे आक्षेप पंडितांनीं घेतले आहेत. आणि खेळांतली हिंसा व प्रत्यक्ष गुन्हे यांचा कार्यकारणसंबंध सांगण्यास पुरेसा पुरावा नाहीं, असें अमेरिकेंतील मानसशास्त्रज्ञांच्या मंडळानेंच २०२० सालीं जाहीर केलें आहे. आरडाओरड, ढकलाढकली इतपत आक्रमकपणाशीं त्याचा थोडा संबंध दिसतो, एवढेंच तें मंडळ म्हणतें. मग ती म्हणाली, "१९६५ चा प्रयोग मात्र लक्षांत ठेवण्यासारखा आहे." त्यांत चित्राचे शेवट तीन केले होते. एकांत मारणाऱ्यास खाऊ व शाबासकी, दुसऱ्यांत शिक्षा, तिसऱ्यांत कांहींच नाहीं. शिक्षा पाहिलेलीं मुलें कमी मारूं लागलीं. परंतु जेव्हां सर्वांस खाऊचें आमिष दाखवून "त्यानें काय केलें तें करून दाखवा" म्हटलें, तेव्हां सर्वांसच तें सारखें येत होतें. शिकलीं सगळींच होतीं. शाबासकी कोठें मिळते तेवढें तीं पाहत होतीं.

हें ऐकून आम्ही गप्प झालों. कारण आम्हांस १९८८ साल आठवलें.

रामानंद सागर यांची 'रामायण' मालिका दूरदर्शनवर जानेवारी १९८७ पासून जुलै १९८८ पर्यंत रविवारीं सकाळीं चालली, हें पुष्कळांच्या स्मरणांत असेल. आम्ही त्या वेळीं सातारा जिल्ह्यांतील एका खेड्यांत शिक्षक होतों. गांवांत दूरदर्शनसंच तीनच. मुलांवर संस्कार व्हावे म्हणून आम्ही स्वतः वर्गांतील मुलांस घेऊन एका बागाइतदाराच्या पडवींत जाऊन बसत असूं. मोठीं माणसें पडद्यास हात जोडीत, मुलें मात्र बाणांकडे पाहत. महिन्याभरांत गांवांतले खराटे झिजूं लागले. खराट्याचा हीर हा बाण, निर्गुडीची फांदी हें धनुष्य, सुतळीची प्रत्यंचा. मधल्या सुटींत एका मुलानें सोडलेला हीर दुसऱ्याच्या खालच्या पापणींत शिरला. ईश्वरकृपेनें बुबुळ वांचलें. आणि आम्हीं काय केलें? बाण सोडणाऱ्यास सर्व वर्गासमोर उभें करून त्याच्या तळहातावर सहा छड्या ओढल्या. ह्या मुलांस तेथें नेऊन बसविलें कोणीं, आणि घरीं येतांना पाहिलेल्या गोष्टींविषयीं त्यांच्याशीं एक शब्द तरी बोललें काय, हा प्रश्न त्या वेळीं मनास शिवलाहि नाहीं.

पुढें १९९७ पासून २००५ पर्यंत 'शक्तिमान' आलें. त्यांतील नायकाचें काम करणाऱ्या मुकेश खन्ना यांस मुलांना असें करूं नका म्हणून बजावावें लागलें. म्हणजे पवित्र कथा असो कीं कल्पित, मुलाचा हात जावयाचा तो शस्त्राकडेच.

कायद्यानें यांत कांहीं केलें नाहीं असें नाहीं. चित्रपटांच्या प्रमाणपत्रांत पूर्वीं पालकांच्या मार्गदर्शनाचा एकच वर्ग असे. २०२३ च्या दुरुस्तीनें त्याच्या ७, १३ व १६ वर्षें अशा तीन पायऱ्या केल्या आहेत. जागतिक आरोग्य संघटनेनें २०१९ सालीं सांगितलें आहे कीं दोन ते चार वर्षांच्या मुलानें पडद्यापुढें दिवसाकाठीं एक तासाहून अधिक बसूं नये. चित्रपटगृहाच्या दाराशीं निदान एक द्वारपाल असतो. मोबाइलच्या दाराशीं द्वारपाल म्हणजे आजोबा, आणि ते तर घोरत पडलेले.

असो. एवढी सगळी चर्चा आम्हीं केली, नाट्यशास्त्र काढलें, अमेरिका काढली. परंतु ज्यानें लाटणें मारलें त्यास कोणींच कांहीं विचारलें नव्हतें. त्याच्या वडिलांनीं त्याच रात्रीं दोन थोबाडींत दिल्या होत्या, तेवढाच काय तो संवाद. पांचव्या दिवशीं आक्कांनीं आम्हांस बाजूस घेऊन म्हटलें, "अरे, त्या पोराला जवळ तरी घे." आक्का वयानें आमच्याहून नऊ वर्षांनीं मोठ्या; त्यांचें ऐकावें लागतें.

आम्हीं बंडूस जवळ घेऊन विचारलें, "असें कां रे केलेंस?"

तो म्हणाला, "आजोबा, ती ऐकत नव्हती."

"ऐकत नव्हती म्हणजे?"

"तिला मी सांगितलं तसं बसत नव्हती. आम्ही शाळा शाळा खेळत होतो. मी मास्तर होतो. मग दिली."

वाचकहो, हे शब्द मोबाइलचे नव्हते. त्या खेळांत कोणी कोणास बसावयास सांगत नाहीं. हे शब्द आमचे होते. संध्याकाळीं ओसरीवर झोपाळ्यावर बसून नातवंडांस गोष्टी सांगण्याचा आमचा परिपाठ आहे, आणि त्यांत मुलांची आवडती गोष्ट म्हणजे त्या खराट्याच्या बाणाची. "ऐकत नव्हता बेटा, मग दिली सहा!" असें म्हणून आम्ही मांडीवर थाप मारीत असूं, चिरंजीव हंसत, मुलें हंसत, आणि आंतून सुनांच्याहि हंसण्याचा आवाज येई. ही आमची शाबासकी. बांडुराच्या चित्रांतला खाऊ यापेक्षां निराळा तो काय असणार? शाळेंत मुलांस मारणें २००९ च्या शिक्षणहक्काच्या कायद्यानें बंद झालें. आम्हीं वर्गांतून छडी काढली आणि ओसरीवर आणून ठेवली.

ही गोष्ट आम्हीं रात्रीं सर्वांस सांगितली. सांगणें सोपें गेलें नाहीं. थोरले चिरंजीव खालीं मान घालून बसले. त्या दोन थोबाडींतल्या त्यांस आठवल्या असाव्या. धाकट्या चिरंजिवांनीं पहिल्यांदाच तोंड उघडलें, तें एवढेंच म्हणाले, "बाबा, मलाही तुम्ही एकदां मारलं होतं. पाढ्यांवरून." आम्हांस तें आठवत नव्हतें.

मोबाइल आतां दुपारीं आक्कांच्या देवघराच्या फडताळांत असतो, आणि आमची वामकुक्षी बंद झाली आहे; तिच्याऐवजीं बंडूशीं सोंगट्या खेळतों. तो डाव हरला कीं अजूनहि सोंगटी फेंकतो. तो खेळ त्यास आठवड्यांतून दोनदां मिळतो, पण आम्ही शेजारीं बसल्यावर, आणि पडलेला मनुष्य नाहींसा झाला कीं आम्ही विचारतों, "याच्या घरीं कोण कोण असेल रे?" पहिल्या दिवशीं त्यास या प्रश्नाचा राग आला. हल्लीं तो उत्तरें देतो, आणि चेष्टेनें एकेकास सात सात भाऊ देतो.

परवां संध्याकाळीं झोपाळ्यावर चिमीनेंच हट्ट धरला, बाणाची गोष्ट सांगा म्हणून. तिच्या कपाळावरचा व्रण आतां फिकट झाला आहे. आम्ही सांगूं लागलों. पण छडीपाशीं आल्यावर मांडीवर थाप कांहीं पडेना. तेवढ्यांत बंडूनें विचारलें, "आजोबा, तुम्ही मारलंत तेव्हां तो मुलगा रडला का हो?"

"नाहीं," आम्ही म्हणालों. मग थोड्या वेळानें म्हणालों, "रडला. घरीं जाईपर्यंत रडत होता."

"त्याचं नांव काय होतं?"

इतक्या वर्षांत ही गोष्ट आम्हीं किती वेळां सांगितली असेल, पण त्याचें नांव तींत कधीं आलें नव्हतें. आम्हीं झोपाळा थांबविला, आठवून पाहिलें, आणि मुलांस तें नांव सांगितलें.