लाकडाला जागा ठेव

नागपूर,
१२ जानेवारी

चि. मुक्ताला,


मिनियापोलिसच्या घरात, तळघराच्या एका कोपऱ्यात तू सुतारकामाचं मेज मांडलंस हे वाचून मला फार आनंद झाला. पत्राच्या शेवटी तू एक प्रश्न विचारला आहेस. ऑक्टोबरात केलेल्या स्टुलाची मेपलची बैठक डिसेंबरात मधोमध तडकली, तर लाकूड वाईट निघालं का?

नाही गं. लाकूड चांगलंच आहे. त्याला हलायला जागा नव्हती, म्हणून ते तडकलं.

झाड तोडून, चिरून, वाळवून वर्षं उलटली तरी लाकूड हवेतलं पाणी घेत आणि सोडत राहतं. हवा दमट झाली की फुगतं, कोरडी झाली की आखडतं. तेल किंवा पॉलिशने हा वेग मंदावतो, थांबत नाही. आणि हे हलणं सगळ्या बाजूंनी सारखं नसतं. लांबीत जवळजवळ काहीच फरक पडत नाही, रुंदीत पडतो. त्यातही वर्षवलयांच्या दिशेने सर्वांत जास्त. ओला साग पुरता सुकवला तर त्या दिशेने सुमारे ६ टक्के आखडतो, तुझा हार्ड मेपल जवळजवळ १० टक्के. तू बैठकीखाली आडव्या पट्ट्या चिकटवून वर स्क्रूने आवळल्यास. पट्ट्यांची लांबी होती तेवढीच राहिली आणि बैठक रुंदीत आखडत गेली. कुठेतरी तुटणं भागच होतं.

तुमच्या हिवाळ्यात हे जोरात होतं, कारण बाहेरच्या गोठलेल्या हवेत पाणीच थोडं असतं. तीच हवा घरात येऊन तापली की तिची सापेक्ष आर्द्रता २०-२५ टक्क्यांवर येते आणि लाकडातलं पाणी पाचेक टक्क्यांपर्यंत उतरतं. गंमत अशी की न तापवलेल्या गॅरेजमध्ये ठेवलेली फळी त्याच दिवसांत बरीच ओलसर असते, कारण थंड हवा थोड्याच पाण्याने दमट होते. म्हणून गॅरेजमधून आणलेली फळी लगेच कापू नकोस. खाली पट्ट्या ठेवून, चारी बाजूंनी वारा लागेल अशी तळघरात दोन-तीन आठवडे राहू दे. चिकटवण्याचं कामही तळघरातच कर. लाकडाचा पांढरा गोंद साधारण १० अंश सेल्सिअसखाली नीट धरत नाही. सुकल्यावर खडूसारखा पांढुरका दिसला तर सांधा कच्चा राहिला असं समज.

आमच्याकडचं चक्र वेगळं. विदर्भात लाकूड सर्वांत जास्त आखडतं ते मे महिन्यात आणि फुगतं श्रावणात, जेव्हा घरोघरची दारं चौकटीत अडकतात. हिवाळा या दोहोंच्या मधला. म्हणूनच आमच्या सुतारमामांनी मला दारं-खिडक्यांचं काम पौष-माघात करायला शिकवलं. या दिवसांत बेताची फट ठेवली की ती पावसाळ्यालाही पुरते आणि उन्हाळ्यात डोळ्यांनाही खुपत नाही. तुझा हिवाळा मात्र टोकाचा आहे. आज तुझ्या हाताखालची फळी वर्षातली सर्वांत अरुंद फळी आहे, हे धरून मापं घे.

आपल्या गावाकडच्या शेतकऱ्यांना हे पुस्तकाविना ठाऊक होतं. उन्हाळ्यात बैलगाडीचं बाभळीचं चाक आखडून लोखंडी धाव सैल होऊ लागली, की चाक नाल्याच्या पाण्यात बुडवून ठेवत. लाकूड फुगे आणि धाव पुन्हा आवळली जाई. लाकूड हलणारच, हे मान्य करून त्या हलण्यालाच त्यांनी कामाला लावलं होतं.

आता तू करायला घेतलेल्या भिंतीवरच्या कपाटाबद्दल. दार एका सलग फळीचं करू नकोस. चार पट्ट्यांची चौकट कर, आतून खाच पाड आणि मधली फळी त्या खाचेत मोकळी बसव. तुझी फळी ३० सेंटिमीटर रुंद असेल, तर हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत ती पाचेक मिलिमीटर रुंद होईल. दोन्ही बाजूंना मिळून सहा-सात मिलिमीटर जागा ठेव. गोंदाचा एकच थेंब, वर आणि खाली, बरोबर मधोमध. मग ती दोन्हीकडे सारखी हलेल. पुढे टेबल केलंस तर त्याचा माथाही असाच बसव. स्क्रूची भोकं गोल न ठेवता रुंदीच्या दिशेने लांबट कर.

तडकलेली बैठक फेकू नकोस. जॉर्ज नाकाशिमाची टेबलं पाहा. हा जपानी वंशाचा अमेरिकन वास्तुरचनाकार १९३०च्या दशकात पाँडिचेरीत आला आणि श्रीअरविंद आश्रमाच्या ‘गोलकोंड’ या इमारतीचं बांधकाम त्याने सांभाळलं. पुढे महायुद्धात, १९४२ साली, अमेरिकन सरकारने त्याला कुटुंबासह आयडाहोमधल्या मिनिडोका छावणीत डांबलं. तिथे गेंतारो हिकोगावा या सुताराकडून तो जपानी हत्यारं आणि सांधे शिकला, तेही मिळेल त्या टाकाऊ लाकडावर. नंतर पेनसिल्व्हेनियात त्याने जी टेबलं केली त्यांतल्या भेगा त्याने लपवल्या नाहीत. भेगेवर फुलपाखराच्या आकाराचा लाकडी तुकडा आडवा बसवला, म्हणजे भेग दिसते पण वाढत नाही. तुझ्या बैठकीलाही तसा एक तुकडा घाल. त्याआधी खालच्या पट्ट्या सोडव, भोकं लांबट कर.

माझं विचारशील तर मागच्या पडवीत ऊन आलं की काम सुरू होतं. सध्या पाडलेल्या एका जुन्या घराच्या सागवानी चौकटी हाती आहेत. वरचा काळवंडलेला थर रंध्याने निघाला की आतून सोनेरी-तपकिरी लाकूड आणि त्याचा तेलकट वास येतो, इतक्या वर्षांनंतरही. सागात सिलिका असते, ती पटाशीची धार लवकर खाते, त्यामुळे माझी निम्मी सकाळ धारेच्या दगडाशीच जाते. मला तो वेळ वाया गेला असं कधी वाटत नाही. धार चांगली असली की हात जोर करत नाही, आणि जोर नसला की फळी कुठल्या दिशेने रंधा स्वीकारते आणि कुठे उलटी उठते ते हाताला कळतं.

सुतारकामातली मला सर्वांत प्रिय गोष्ट हीच आहे, मुक्ता. आपण वस्तू एका ऋतूत करतो, पण ती सगळ्या ऋतूंत राहणार असते. ज्या दिवसांत आपण तिच्यापाशी नसू, त्या दिवसांचा विचार आज, खतकसाने रेघ ओढतानाच करावा लागतो. घट्टपणा म्हणजे मजबुती नव्हे. जिथे धरायचं तिथे पक्कं धरावं आणि जिथे सोडायचं तिथे समजून सोडावं. हे ज्याला साधलं त्याचं काम नातवंडांपर्यंत टिकतं.

कपाट पूर्ण झालं की दारातल्या मधल्या फळीवर, चौकटीच्या कडेपासून थोडं आत, पेन्सिलीने बारीक खूण कर आणि कडेपासूनचं तिचं अंतर मोजून ठेव. जुलैत तेच अंतर पुन्हा मोजून मला लिही. तेव्हा आमच्याकडे पाऊस असेल; मीही माझ्या दारावरची खूण मोजून ठेवीन. दोघींचे आकडे शेजारी मांडू, आणि पुढच्या दाराची मापं त्यावरून ठरवू.

तुझी,
आत्या