मनगट केवढे, घड्याळ केवढे!

आमच्या कासुर्डीत अलीकडे तरुण पोरांच्या मनगटावर एक जाडजूड घड्याळ दिसू लागले आहे. काळी तबकडी, अंधारात चमकणारे काटे, काचेभोवती साठपर्यंत आकडे असलेले फिरते कडे आणि वजन एवढे की हात खाली सोडला की ते तळव्यापर्यंत घसरते. दौंड तालुक्यातले, पुणे-सोलापूर रस्त्याकडेचे आमचे गाव. समुद्र पाहायचा तर घाट उतरून कोकणात जावे लागते. पण घड्याळ मात्र समुद्राच्या पोटात शिरणाऱ्या पाणबुड्याचे! आता तर ते लग्नाच्या याद्यांतही शिरले आहे. म्हणून त्याची हकीगत आमच्या मायबहिणींच्या आणि भावांच्या कानावर घालावी असे आम्हाला वाटले.

हे घड्याळ शोभेसाठी जन्मलेले नाही. १९५३ साली फ्रेंच आरमाराच्या पाणबुड्यांसाठी ब्लांपँ कंपनीने एक घड्याळ काढले. त्याच्या नावाचा अर्थ ‘पन्नास वाव’. वाव म्हणजे दोन्ही हात पसरल्यावर होते ते अंतर, सहा फूट. आपले कोळी बांधव आजही पाण्याची खोली वावात सांगतात. पन्नास वाव म्हणजे तीनशे फूट. त्याच साली रोलेक्सचे सबमरिनर तयार झाले. पाणबुड्याच्या पाठीवरची हवा मोजकी असते. पाण्यात उतरताना तो कड्यावरची खूण मिनिटकाट्यासमोर आणून ठेवतो, म्हणजे किती मिनिटे गेली ते एका नजरेत कळते. हे कडे एकाच दिशेने फिरते. चुकून धक्का लागलाच तर गेलेला वेळ जास्त दिसतो, कमी कधीच दिसत नाही. माणूस दोन मिनिटे लवकर वर येईल, उशिरा येणार नाही. ज्याने हे शोधले त्याला खरोखर जीवाची किंमत कळत होती.

गढूळ, काळोख्या पाण्यात दिसावे म्हणून आकडे ठसठशीत आणि दाब सोसावा म्हणून अंग जाड. म्हणूनच हे घड्याळ मोठे झाले. इटलीच्या आरमारासाठी पानेराई कंपनीने केलेली घड्याळे तर ४७ मिलिमीटरची होती. ती उघड्या मनगटावर घालायचीच नव्हती, लांब पट्टा लावून पाणबुड्याच्या जाड पोशाखावरून बांधायची होती. सुरुवातीची सबमरिनर मात्र ३७-३८ मिलिमीटरची होती. पुढे ते ४० चे झाले, तिथे कित्येक दशके थांबले आणि २०२० साली ४१ वर गेले. ओमेगाचे लाटांच्या नक्षीच्या तबकडीचे सीमास्टर आज ४२ चे आहे. २०२२ साली रोलेक्सने अकरा हजार मीटर खोलीचे एक घड्याळ काढले, ते तब्बल ५० मिलिमीटरचे! ते मनगटावर बांधायचे की भिंतीला लावायचे, हा आम्हाला पडलेला प्रश्न.

मधल्या काळात मोठ्या घड्याळाची हवा होती. आता कंपन्यांनीच पाऊल मागे घेतले आहे. ब्लांपँचे ते पन्नास वाव ४५ पर्यंत फुगले होते, त्याचे ४२ चे रूप २०२३ साली आले. ट्यूडरने २०१८ साली ३९ चे आणि २०२३ साली ३७ चे घड्याळ बाजारात आणले. आम्हाला विचाराल तर ३९-४० चे माप डोळ्यांना सर्वांत सुखावते. पण नुसत्या तबकडीच्या मापावर जाऊ नये. पट्टा अडकवण्यासाठी घड्याळाला वर-खाली शिंगे असतात. एका शिंगाच्या टोकापासून समोरच्या शिंगाच्या टोकापर्यंतचे अंतर मनगटाच्या रुंदीपेक्षा जास्त भरले, तर ४० चे घड्याळसुद्धा मागून घेतल्यासारखे दिसते.

आमच्या वडिलांच्या हातात एचएमटीचे ‘जनता’ होते. जेमतेम ३५ मिलिमीटरचे, रोज सकाळी चावी द्यायचे. जपानच्या सिटिझन कंपनीच्या साह्याने एचएमटीने १९६१ साली बंगळुरूला घड्याळे करायला सुरुवात केली आणि २०१६ साली सरकारने तो धंदा बंद करायचे ठरवले. आमच्या वस्तीतल्या पहिल्या पगारदार पिढीचे ते घड्याळ. ते त्यांना कोणी दिले नव्हते, पगारातून घेतले होते. आंघोळीला जाताना ते काढून कोनाड्यात ठेवत आणि आम्हा पोरांना त्याला हात लावायची मुभा नसे. त्या घड्याळात पाणी सोडाच, जोराचा पाऊसही शिरला असता. तरी आयुष्यभर त्यांची गाडी चुकली नाही.

आता पाण्याचा हिशेब. दहा मीटर खोल गेले की दर चौरस सेंटिमीटरवर साधारण एक किलोचा दाब वाढतो. आमच्याकडची विहीर पन्नास फूट धरा, म्हणजे पंधरा मीटर. घड्याळावर ‘३०० मीटर’ लिहिले असेल तर अशा वीस विहिरी एकीवर एक रचल्या तरी ते टिकायला हवे. खऱ्या पाणबुड्या घड्याळासाठी जगभर एक मानक आहे. किमान शंभर मीटर, आणि लिहिलेल्या खोलीच्या सव्वापट दाबाची परीक्षा. फुटपाथवरच्या ‘फर्स्ट कॉपी’वर ३०० चा आकडा असतो, परीक्षा नसते. साध्या घड्याळावर ३० मीटर लिहिलेले असते, त्याचा अर्थ हात धुताना शिंतोडे उडाले तर चालतील एवढाच. ते घालून विहिरीत सूर मारू नये.

आणि आमच्याकडे बुडी मारणारे कोण? विहिरीच्या तळाशी अडकलेला फूटव्हॉल्व्ह काढणारे, गाळात रुतलेली मोटर दोराला बांधून देणारे, कधी वाईट प्रसंगी नदीतून कुणाचे शव वर आणणारे. त्यांच्या हातात घड्याळ नसते. छाती भरून श्वास घेतात आणि तो संपेपर्यंतचा वेळ तेच मोजतात. आपल्या बापजाद्यांना तर पाण्याला हात लावायचीही बंदी होती. त्यासाठी २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर जावे लागले. त्याच वर्षी डिसेंबरात बाबासाहेब पुन्हा महाडला आले, तेव्हा त्यांनी आपल्या आयाबहिणींना वेगळे बसवून समजावले की, गळ्यात आणि कोपरापर्यंत हातांत कथलाचे, चांदीचे जडशीळ दागिने घालू नका, त्यावरून लांबूनच तुमची जात ओळखू येते. तेव्हाच्या आयांनी ते ओझे उतरवले. आज त्यांच्या पणतवांच्या मनगटावर दुसरे ओझे चढताना पाहून आम्हाला ते भाषण आठवते.

हे सारे आठवण्याचे कारण गेल्या लग्नसराईतली एक यादी. मुलीचे वडील गुऱ्हाळावर कामाला, आम्ही त्यांना नाना म्हणतो. मुलगा कुरकुंभच्या एमआयडीसीत कंत्राटी कामगार, स्वभावाने गरीब. भांडी, कपाट, अंगठी लिहून झाली. मग मुलाच्या मामांनी मोबाईलवर एक फोटो दाखवला आणि म्हणाले, “हुंडा आम्ही घेतच नाही. फक्त पोराला एक घड्याळ. पण असं, चव्वेचाळीस एमएमचं.” एमएम म्हणजे काय, हे नानांना कळेना. ते आमच्याकडे पाहू लागले. आम्ही पडलो कारकून, आकडा दिसला की हिशेब करायची खोड. फोटोतल्या त्या स्विस घड्याळाच्या किमतीत सरकारी घरकुलाची पाच अनुदाने बसली असती. मामा म्हणाले, “अहो, खरं कोण मागतंय? त्यातलंच भारीपैकी एखादं बघा.” नाना हळूच म्हणाले, “भाऊ, मालकाकडून उचल घेतो.”

आम्ही घरातून शिवणकामाची टेप मागवली आणि नवरदेवाचे मनगट मोजले. घेर सव्वासहा इंच, रुंदी ५० मिलिमीटर. मामांच्या फोटोतले घड्याळ शिंगांसकट मनगटाच्या दोन्ही बाजूंनी बाहेर आले असते. त्याच्या हातात आधीच एक फर्स्ट कॉपी होती आणि तिच्या काचेला आतून वाफ धरलेली. आम्ही मामांना सांगितले, “मामा, एचएमटीचा कारखाना निघाला त्याच १९६१ साली हुंडाबंदीचा कायदाही झाला. मागून घेतलेली किमती वस्तू त्यात येते, मग ती केवढ्याही मापाची असो.” मामांना राग आला. घड्याळाला हुंडा म्हणणारा माणूस आपण पहिलाच पाहिला, असे ते म्हणाले. बैठकीत कोणी बोलेना.

तेवढ्यात स्वयंपाकघराच्या दारातून मुलगी बोलली. ती दवाखान्यात नर्स आहे. “मला ड्युटीवर घड्याळ लागतं, भाऊ. नाडी मोजायला सेकंदकाटा लागतो. त्यांना काय मोजायचंय?”

नवरदेव पहिल्यांदाच मोकळेपणी हसला. “हिलाच घेऊन देतो मी,” तो म्हणाला, “माझ्या पगारातून.” यादीतल्या त्या ओळीवर आम्ही तिथेच रेघ मारली आणि खाली दोन्हीकडच्या सह्या घेतल्या. मामा त्या दिवशी जेवायला थांबले नाहीत. लग्नाला मात्र आले, विहारात पुढच्या रांगेत बसले. नवरीच्या हातात पांढऱ्या तबकडीचे, लांब सेकंदकाट्याचे घड्याळ होते. माप विचारायचे राहून गेले, पण तिशीच्या आतलेच असावे.