मस्जिद बंदर: स्टेशनाच्या नावातली आपली मशीद

इस्राएलहून मुंबईला गेलो की आम्ही मस्जिद स्टेशनवर उतरतोच. सीएसएमटीनंतरचे हे पहिलेच स्टेशन. बाहेर मसाल्यांचा, सुक्या मेव्याचा बाजार, हातगाड्या, हमाल. चालायला जागा नाही!

आपले वाडवडील सिनेगॉगला मशीदच म्हणत. कंपनीच्या फौजेतले सामाजी हसाजी दिवेकर, म्हणजेच सॅम्युएल इझिकेल, टिपूच्या कैदेतून सुटून आले आणि १७९६ साली त्यांनी मुंबईतले पहिले सिनेगॉग बांधले. नाव शाअर हारहामीम, म्हणजे दयेचे द्वार. १८६० साली ते सॅम्युएल स्ट्रीटवरच्या आजच्या जागी आले. ह्या 'जुन्या मशिदी'वरूनच स्टेशनाला नाव पडले असे सांगतात.

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला निघालेली पहिली आगगाडी ह्याच वस्तीतून गेली. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी भारतातली पहिली विजेची गाडीही व्हीटीहून कुर्ल्याला इथूनच गेली.

आज लोकलमध्ये शेजाऱ्याला विचारले तर तो म्हणतो, "असेल मुसलमानांची एखादी मशीद." त्याचा काय दोष? सांगणारे आपणच इकडे आलो. तेव्हा मुंबईला जाल तर नातवंडांना स्टेशनची पाटी दाखवा, आणि पुढे सॅम्युएल स्ट्रीटपर्यंत चालत न्या.